बाई येतात तेव्हा आम्ही ‘सगळं छान’ म्हणतो

बेळगाव तालुक्यातल्या एका गावातून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून सारांश देते.

लग्नाला चौदा वर्षं झाली. नवरा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फौंड्रीत कामाला, त्या स्वतः घरी ब्लाउज आणि फॉल-पिकोची कामं करतात. घरात सासूबाई. अकरा महिन्यांपूर्वी सहा वर्षांची मुलगी रीतसर दत्तक घेतली, जिल्हाधिकाऱ्यांच्या, म्हणजे डीसी ऑफिसातून आदेशही हातात आला. मुलगी म्हैसूरकडच्या संस्थेत वाढलेली, त्यामुळे आली तेव्हा फक्त कन्नड बोलायची. आता मराठी समजतं सगळं, पण बोलते तुटक. रागावलं की दोन दोन दिवस तोंड उघडत नाही. रात्री उठून बसते. भाकरीचे तुकडे उशीच्या अभ्र्यात लपवते आणि अंथरुणाला मुंग्या लागतात. ‘आई’ म्हणत नाही, ‘अक्का’ म्हणते. सासूबाई बाजारात बसून बरीच वर्षं भाजी विकत होत्या, हिशेबाला चोख. त्या म्हणतात, ‘ही चोरीची सवय आहे, आत्ताच मोडा.’ नवऱ्याचा दंडक असा की घरात कन्नड बोलायचं नाही. चंदगडचा एक चुलतदीर सांगून गेला की अशा मुलांना सरकार महिन्याला २,२५० रुपये देतं, अर्ज करा. नवरा म्हणतो, सरकारपुढे हात पसरायचा नाही, आणि अडचण सांगितली तर मुलगी परत नेतील. पाच महिन्यांपूर्वी समाजसेविका बाई घरी येऊन गेल्या. त्या दिवशी सकाळी नवा अभ्रा घातला, मुंग्यांच्या वाटेवर हळद टाकली, मुलीला नवा फ्रॉक घातला, बाईंना कुंदा दिला आणि ‘सगळं छान आहे’ म्हणून सांगितलं. पुढच्या महिन्यात त्या परत येणार. पत्राच्या शेवटी दोन ओळी आहेत: ‘सरकारकडून काही आधार मिळतो का, की एकदा मूल पदरात घातलं की संपलं? आणि खरं सांगितलं तर तिला नेतील का?’

ताई,

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्या भीतीपायी तुमची झोप उडालेली दिसते. नाही, नेणार नाहीत. किशोर न्याय कायदा २०१५ सालचा. त्यात २०२१मध्ये दुरुस्ती झाली आणि सप्टेंबर २०२२पासून दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी, म्हणजे आपल्याकडचे डीसी, देऊ लागले. तो आदेश निघाला त्या दिवसापासून ही मुलगी कायद्याच्या दृष्टीने तुम्हा दोघांच्या पोटी जन्मल्यासारखीच आहे. नाव, वारसाहक्क, सगळं आलं. मुलगी भाकरी लपवते किंवा ‘आई’ म्हणत नाही, एवढ्यावरून तिला उचलून नेण्याचा अधिकार कुणा बाईला नाही. मारहाण, उपासमार, छळ असं काही असलं तर बालकल्याण समिती लक्ष घालते, पण ती कुणाच्याही घरात घालेल, शेजाऱ्यांच्या सख्ख्या लेकरासाठीही. तुमच्या पत्रात तसलं काही नाही. तुमच्या पत्रात एक दमलेली बाई आहे.

मग त्या बाई येतात कशाला? २०२२च्या दत्तक नियमावलीप्रमाणे मूल घरी आल्यापासून दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी, भेट देऊन अहवाल करायचा असतो. ज्यांनी तुमच्या घराची पाहणी करून गृह अहवाल लिहिला होता, त्यांच्याकडेच हे काम असतं. म्हणून म्हैसूरच्या संस्थेला फोन लावत बसू नका, तुमची माणसं इथली आहेत. आणि त्याच नियमावलीत असंही आहे की मूल आणि पालक यांचं जुळताना अडचण येत असेल, तर संस्थेने किंवा जिल्हा बाल संरक्षण घटकाने दोघांसाठी समुपदेशनाची सोय करायची, नाहीतर समुपदेशकाशी गाठ घालून द्यायची. थोडक्यात, तुम्ही विचारता तो ‘सरकारी आधार’ दर सहा महिन्यांनी चप्पल काढून तुमच्या घरात येतो, कुंदा खातो आणि ‘सगळं छान’ असं लिहून घेऊन जातो.

तुमची चूक काढत नाही. मूल मिळावं म्हणून किती कागद जोडले असतील, पगाराची स्लिप, डॉक्टरचा दाखला, पोलिसांचा दाखला, शिवाय कितीतरी महिने वाट पाहणं. इतकी वर्षं परीक्षा दिल्यावर कुणी वही घेऊन दारात आलं की माणूस परीक्षेलाच बसतो. तुमच्या यजमानांचंही तेच झालंय. पण पास-नापास ठरवायची वेळ आदेशाबरोबरच संपली. आता त्या वहीत काही लिहिलं गेलं तर ते तुमच्या उपयोगाचं आहे. काहीच लिहिलं गेलं नाही, तर उद्या तुम्ही मदत मागायला गेलात की समोरचा फाईल उघडून म्हणेल, ‘इथं तर सगळं छान लिहिलंय.’

ज्यांचा आदेश अजून निघालेला नाही, मूल दत्तकपूर्व संगोपनात घरी आहे, अशा वाचकांची भीती थोडी वेगळी असते, हे कळतं मला. त्यांच्या बाबतीत जुळलंच नाही तर मूल परत जाण्याची वाट नियमात आहे. पण ती शेवटची वाट, तिच्या आधी समुपदेशन आहे. आणि अडचण दडपून ठेवली की त्या शेवटच्या वाटेकडेच पावलं लवकर पडतात.

आता पैशांचं. तुमचे चुलतदीर खोटं बोलले नाहीत, पण हद्द विसरले. महिना २,२५० रुपयांची बालसंगोपन योजना महाराष्ट्राची आहे, चंदगडला ती असेल, तुमच्या गावाला नाही. आपल्या भागात हा घोळ नेहमीचा. २०२३मध्ये महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांना आपली महात्मा फुले आरोग्य योजना लागू केल्याचं जाहीर केलं, कर्नाटकाने हरकत घेतली, तेव्हापासून तर ‘तिकडचं इकडं मिळतं’ अशी बातमी दर आठवड्याला एसटीतून उतरते. पण गाव कुठल्याही राज्यात असतं तरी ते पैसे तुम्हाला मिळाले नसते. ती योजना अनाथ, किंवा आईबाप सांभाळू शकत नाहीत अशा मुलांसाठी आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधून महिना ४,००० रुपये मिळतात, तेही अशाच मुलांच्या प्रायोजकत्वासाठी किंवा प्रतिपालक, म्हणजे दत्तक न घेता मूल सांभाळणाऱ्या कुटुंबासाठी. तुमच्या मुलीला आता आईबाप आहेत. दत्तक घेतल्याबद्दल म्हणून महिन्याला काही मिळत नाही, एवढं एकदा मनाशी धरा म्हणजे कुणा एजंटाला ‘फॉर्म भरून देतो’ म्हणून पाचशे रुपये द्यावे लागणार नाहीत.

मात्र जे कुठल्याही मुलीला मिळतं ते तिला मिळायलाच हवं, आणि तुमच्या पत्रावरून वाटतं की हे काम अर्धवट राहिलंय. यजमान फौंड्रीत आहेत आणि पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचे पैसे, कापले जात असतील, तर कायद्यात ‘कुटुंब’ या शब्दात दत्तक मूल स्पष्ट लिहिलेलं आहे. आदेशाची प्रत कंपनीच्या ऑफिसात द्यायला सांगा आणि मुलीचं नाव कार्डावर चढवून घ्या. दवाखाना-औषधं त्यातून सुटतात. हे हात पसरणं नव्हे, त्यांच्याच पगारातनं कापलेले पैसे आहेत. यजमानांना हे वाक्य पटेल असं वाटतं! रेशन कार्डात नाव घाला, धान्य माणशी मिळतं आणि बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकचा उपचारही त्या कार्डाच्या आधारे मिळतो. जन्मदाखला तुमच्या दोघांच्या नावानं काढायचा असतो, त्यावर आईवडील म्हणून तुमचीच नावं येतात आणि जन्मतारीख आदेशातली. आधार त्यानंतर. हा क्रम मोडला की एका कार्डावर एक स्पेलिंग, दुसऱ्यावर दुसरं, आणि दहावीच्या फॉर्मला रडारड. सुकन्या समृद्धीचं खातं दहा वर्षांच्या आत पोस्टात उघडता येतं, वर्षाला किमान २५० रुपये भरले तरी चालू राहतं. चार ब्लाउजांच्या शिलाईत निघेल.

नोकरी करणाऱ्या वाचकांसाठी एक ओळ. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीने दत्तक आईला १२ आठवड्यांची भरपगारी रजा दिली, पण मूल तीन महिन्यांहून लहान असेल तरच, अशी मेख मारून. संस्थेतून रीतसर दत्तक येणारं मूल तीन महिन्यांच्या आत घरी पोचणं किती अवघड असतं, हे ज्यानं मेख मारली त्याला कुणी सांगितलं नसावं. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दादही मागितली गेली. तुमच्या ठिकाणी आज कोणता नियम लागू आहे, ते आस्थापना विभागात लेखी विचारा.

कागदांचं झालं. आता भाकरीकडे येते.

संस्थेत वाढलेलं मूल खाणं लपवतं, हे दत्तकाच्या कामातल्या कुणालाही विचारा, नवल वाटणार नाही त्यांना. पन्नास मुलांत ताट पुढं करून उभं राहिलेल्या पोरीला पुढची भाकरी कधी, ते दुसरं कुणीतरी ठरवणार एवढंच माहीत असतं. अकरा महिने रोज दोन वेळा पोटभर जेवूनही अंगातली ती भीती गेली नाही, तर त्यात तिचा दोष नाही आणि तुमचाही. चोरी म्हणजे दुसऱ्याचं घेणं. ती स्वतःच्या वाट्याची भाकरी स्वतःच्या उशाला ठेवते.

एक करून बघा. बाजारातून झाकणाचा एक स्टीलचा डबा आणा, तिला स्वतःला निवडू द्या. त्यात चुरमुरे, शेंगदाणे, गुळाचा खडा, शेंगदाण्याचा लाडू, न नासणारं काहीबाही. डबा तिच्या अंथरुणाजवळ राहील. कधी उघडायचा, किती खायचा, तिचं ती बघेल. एकच नियम, आणि तो तुमच्यासाठी: डबा रिकामा दिसला तर विचारायचं नाही, ‘भरूया का?’ एवढंच म्हणायचं. पहिले काही दिवस एका रात्रीत फस्त होईल. होऊ द्या. काही आठवड्यांनी डबा उघडायची आठवणही राहणार नाही अशी रात्र येते. कधी, ते मी सांगू शकत नाही. आणि अभ्र्यात परत तुकडा सापडला तर आरडाओरडा न करता झाडून टाका.

‘अक्का’चं दुःख मला पत्रातल्या अक्षरात दिसलं, तिथं पेन जोरात दाबलंय. पण जरा तिच्या बाजूनं बघा. संस्थेतल्या मुली सांभाळणाऱ्या बाईला अक्काच म्हणतात. तिला न्हाऊ घालणारी, जेवू घालणारी, ताप आला की कपाळावर हात ठेवणारी जी कोणी होती, ती अक्का. ‘आई’ हा शब्द तिच्यासाठी अजून रिकामा आहे, त्यात कोणीच बसलेलं नाही. तिच्याकडे होता तो सगळ्यात जवळचा शब्द तिनं तुम्हाला दिला. ‘आई म्हण’ म्हणून मागे लागू नका. तुम्हीच बोलताना म्हणा, ‘आईकडे दे’, ‘आई आली बघ’. तो शब्द कानावरून जाऊ द्या.

कन्नडबंदीबद्दल मात्र मी यजमानांशी सरळ भांडणार आहे. मीही याच मातीतली. कन्नड फॉर्म हातात धरून खिडकीपाशी उभं राहण्याची चीड मला माहीत आहे, आणि ‘पोरगी कन्नड बोलती व्हय?’ असं कुणी पारावर विचारलं की त्यांना काय वाटत असेल तेही. पण हा सीमेचा वाद साठ-सत्तर वर्षांचा, आणि पोरगी सात वर्षांची. तिला भूक कन्नडमध्ये लागते, रडू कन्नडमध्ये येतं, रात्री दचकून उठल्यावर तोंडातून पहिला शब्द कन्नडच निघतो. त्या शब्दाला घरात बंदी असेल तर दोन दिवसांचा अबोला हा हट्ट राहत नाही, बोलायची वाटच बंद केलीय आपण. मराठी तिला येईल. मराठी शाळेत आहे, गल्लीत मराठी आहे, तुमचं घर मराठी आहे, तिला टाळून जाईल कुठं? आणि मराठी शाळेतही कन्नड शिकावंच लागतं, तेव्हा उद्या वर्गातल्या पोरी तिच्याकडूनच गृहपाठ करून घेतील.

तिचे संस्थेतले फोटो, येताना अंगावर होता तो फ्रॉक, सोबत आलेले कागद, काही टाकू नका. कधीतरी ती विचारेल, ‘मी कुठली?’ अठरा वर्षांची झाली की स्वतः, आणि त्याआधी तुमच्यासोबत, आपल्या मुळाचा शोध घ्यायचा अर्ज तिला करता येतो, नियमात तशी सोय आहे. त्या दिवशी तिच्या तोंडात कन्नड असलेलं बरं.

आणि तुमच्याच पत्रातली एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नाही. सासूबाई इतकी वर्षं बाजारात बसल्या. बेळगावच्या बाजारात भाजी विकणारी बाई ‘एष्टु’ (किती) आणि ‘साकु’ (पुरे) म्हटल्याशिवाय एक दिवस तरी काढेल का? त्यांना कन्नड येतं, ताई. घरात त्या पोरीशी तिच्या भाषेत बोलू शकणारं एक माणूस आहे आणि तेच तिला चोर म्हणतंय, कारण बोलायला बंदी आहे. बंदी उठवा आणि म्हातारीला कामाला लावा. रात्री मुलगी उठून बसली की तुम्ही जवळ घ्या आणि सासूबाईंनी नुसतं विचारावं, ‘याक पुट्टी? नीर बेका?’ पाणी हवं का, एवढंच. हिशेबाला चोख बाई आहे, नात सापडल्याचा फायदा तिला लवकर कळेल.

पत्राच्या मागच्या पानावर तुम्ही एक ओळ लिहून खोडली आहे. खोडलेलं वाचू नये, पण वाचलं. ‘कधी वाटतं चूक झाली’. हे वाटणं पाप नाही. नऊ महिने पोटात वाढवलेल्या बाळाच्या आईलाही रात्री तीन वाजता असं वाटतं. तिच्याभोवती निदान डिंकाचे लाडू घेऊन बायका तरी जमतात. तुम्हाला एकदम सहा वर्षांची, आपलं दुःख घेऊन आलेली मुलगी मिळाली, आणि दुसऱ्या दिवसापासून मशीनवर बसावं लागलं. ही ओळ कुणाजवळ तरी न खोडता बोला. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र लागतो आणि मराठीतही बोलता येतं. रात्रीचं उठणं, अबोला पुढेही तसाच राहिला तर धारवाडची मानसिक आरोग्य संस्था, डिमहान्स, बसनं दोन-अडीच तासांवर आहे. यजमानांना बरोबर न्या. ‘वेड्यांचं हॉस्पिटल’ म्हणून कुणी नाक मुरडलं तर मुरडू द्या.

पुढच्या महिन्याच्या भेटीसाठी एका कागदावर चार ओळी लिहून ठेवा, ऐनवेळी तोंडातून ‘छान’ बाहेर पडू नये म्हणून. खाणं कधीपासून लपवते. रात्री किती वेळा उठते. अबोला कशावरून सुरू होतो. शाळेतल्या बाई काय म्हणतात. मग स्पष्ट म्हणा, ‘आम्हाला तिघांना समुपदेशन हवंय, अहवालात तसं लिहा.’ अहवाल कन्नडमध्ये असला तर त्यांना वाचून दाखवायला सांगा, समजलं की मगच सही करा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पंधरा दिवसांत फोन आला नाही तर डीसींच्या नावानं साधा अर्ज, त्याची एक प्रत जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्यांना, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. यजमानांना घरी थांबवा, फौंड्रीतली एक शिफ्ट बुडाली तरी चालेल. त्यांनाही बाईंसमोर बोलू द्या, त्यांच्या पोटातली भीती तुमच्यापेक्षा मोठी आहे.

कुंदा द्या हवं तर. फक्त त्या दिवशी सकाळी अभ्रा बदलू नका.